मूळ माप कोणतें ?

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. आमच्या शाळेंतील सहाव्या इयत्तेचा विद्यार्थी देखील हें वाक्य न अडखळतां म्हणून दाखवील, आणि त्यांत तिळभरहि चूक असणार नाहीं. पूर्वीं तसें नव्हतें. अमेरिकेंत १८९३ पासून एका मीटरचे ३९.३७ इंच धरीत. इंग्लंडांतील इंच त्याहून अगदीं सूक्ष्म अंशानें आंखूड भरे. पुढें १ जुलै १९५९ पासून सहा देशांनीं मिळून इंच बरोबर २५.४ मिलिमीटर असा ठरविला, आणि दोन मापपद्धतींमधील हा पूल अगदीं पक्का झाला. असें असतांहि मालाच्या माहितीपत्रकांत मिलिमीटरांचे इंच आणि इंचांचे मिलिमीटर करतांना घोटाळे व्हावयाचे ते होतातच. सळई बारीक निघते, आंस मोडतो, विमानांतील इंधन वाटेंत संपतें. पूल पक्का असून प्रवासी बुडतात, याचें कारण काय ?

आमच्या मतें दोष गुणाकाराचा नाहीं. आपण मुलांना एका मापाचें दुसऱ्या मापांत रूपांतर करावयास शिकवितों, उत्तर पुस्तकाच्या मागल्या पानावरील उत्तराशीं जुळलें कीं पूर्ण गुण देतों, आणि तेथेंच थांबतों. जो आंकडा रूपांतरासाठीं दिला तो आला कोठून, तो प्रत्यक्ष मोजलेला आहे कीं केवळ एक नांव आहे, मोजलेला असल्यास किती बारकाईनें मोजला होता, हे प्रश्न आपण विचारीत नाहीं. बाजारांत आणि कारखान्यांत नुकसान होतें तें बहुधा या न विचारलेल्या प्रश्नांमुळें.

प्रथम नळाच्या पाइपाचेंच उदाहरण घेऊं. ज्याला आपण अर्ध्या इंचाचा पाइप म्हणतों, त्याच्या बिलावर दुकानदार १५ मिलिमीटर असें लिहितो. गणितांत हुशार असलेला मुलगा तत्काळ म्हणेल कीं, हें चूक आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. मग त्यानें पट्टी घेऊन जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप मोजून पाहावा. बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर भरेल. आंतला, मध्यम जाडीच्या पाइपाचा, १६ च्या आसपास. म्हणजे त्या पाइपावर १२.७ कोठेंच नाहीं, आणि १५ हि कोठेंच नाहीं ! अर्धा इंच हें एके काळीं आंतल्या पोकळीचें माप होतें. पुढें पाइपाच्या भिंती पातळ झाल्या. परंतु जोडांचे आटे जुन्या पाइपांशीं जुळावयास पाहिजेत म्हणून बाहेरचा व्यास होता तसाच ठेवावा लागला, पोकळी वाढली, आणि मापाचें नांव होऊन बसलें. १५ हें त्या नांवाचें दुसऱ्या भाषेंतील नांव आहे. तें रूपांतर नव्हेच. आपल्याकडे एखाद्या उंच्यापुऱ्या गृहस्थाचें नांव बाळ असतें आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाहीं, तशांतलाच हा प्रकार.

शेतांत घालावयाच्या पी. व्ही. सी. पाइपाची तऱ्हा आणखी निराळी. तेथें मिलिमीटरांचा आंकडा खरोखर मोजलेला, आणि तोहि बाहेरच्या व्यासाचा असतो. बोलण्यांत मात्र इंच चालूच आहेत. ६३ मिलिमीटरच्या पाइपाला शेतकरी दोन इंची म्हणतो, ७५ च्याला अडीच इंची, ९० च्याला तीन इंची आणि ११० च्याला चार इंची. दोन इंच म्हणजे ५०.८ हें पाठ असलेला एखादा विद्यार्थी सुटींत गांवीं गेला, आणि आजोबांनीं त्याला दोन इंची पाइपाचा जोड आणावयास पाठविलें, तर तो मोठ्या विश्वासानें ५० मिलिमीटरचा, म्हणजे गांवच्या बोलींतील दीड इंची, जोड घेऊन येईल. बांधावर हंशा होईल आणि तालुक्याला दुसरी खेप पडेल. त्याचें गणित चुकलेलें नाहीं. ज्याचें गणित करावयाचें नव्हतें त्याचें त्यानें केलें, इतकेंच.

पाइपाच्या जोडांत चूक झाली तर पाणी गळेल. सळईची गोष्ट याहून गंभीर आहे. गवंडी आणि सेंटरिंगवाले अद्याप सुतांत बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती सळई म्हणजे १० मिलिमीटर, चार सुती म्हणजे १२, पांच सुती म्हणजे १६ आणि सहा सुती म्हणजे २०, असें समीकरण रूढ आहे. आतां हेंच गणितानें करून पाहा. तीन सूत ९.५, चार सूत १२.७, पांच सूत १५.९, सहा सूत १९.०५. तीन, पांच आणि सहा सुतांच्या जागीं आलेली सळई मूळ मापाहून थोडी जाड आहे; एकटी चार सुती तेवढी बारीक. सळईचें बळ तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतें, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. १२.७ व्यासाचें क्षेत्रफळ १२६.७ चौरस मिलिमीटर. १२ व्यासाचें ११३.१. व्यासांत पाऊण मिलिमीटरहि फरक नाहीं, परंतु पोलाद शेंकडा पावणेअकरा कमी झालें.

नव्या घरांत यामुळें कांहीं बिघडत नाहीं, कारण इंजिनिअर मुळांतच १२ मिलिमीटर धरून हिशेब करतो. परंतु मेट्रिक मापें येण्यापूर्वीं बांधलेलीं घरें मुंबई-पुण्यांत अद्याप पुष्कळ उभीं आहेत, आणि त्यांची डागडुजी चालते. त्यांतील एखाद्याच्या जुन्या नकाशावर ‘अर्धा इंची सळया, ६ इंचांवर’ असें लिहिलेलें असेल, आणि दुरुस्ती करणाऱ्यानें बोलीप्रमाणें १२ मिलिमीटरच्या सळया १५० मिलिमीटर अंतरानें घातल्या, तर छताच्या दर मीटर रुंदीस ८३१ ऐवजीं ७५४ चौरस मिलिमीटर पोलाद पडतें. ६ इंच म्हणजे १५२.४ मिलिमीटर, तेवढ्या सळया जवळ आल्याचा फायदा धरूनहि शेंकडा नऊहून अधिक तूट राहते. तेवढ्यानें छत कोसळेलच असें नाहीं, कारण शहाणा इंजिनिअर आरंभींच कांहीं राखीव बळ ठेवून असतो. परंतु तें राखीव बळ पावसाच्या गळतीसाठीं आणि गंजासाठीं ठेवलेलें असतें, आपल्या भाषांतराच्या आळसासाठीं नव्हे.

याच सळईची आणखी एक गंमत आहे. ती १२ मीटर लांबीची येते आणि तिला ४० फुटी म्हणतात. ४० फूट म्हणजे १२.१९ मीटर. एखाद्या काटेकोर गिऱ्हाइकानें चाळीस फूट आणि अर्धा इंच धरून वजनाचा हिशेब केला, तर एका सळईचें वजन १२ किलोहून अधिक येतें. कांट्यावर मात्र १०.७ किलोच्या आसपासच भरतें. मग दुकानदार चोर ठरतो. तो चोर असेल वा नसेल. या हिशेबावरून तें ठरत नाहीं.

येथवर नांव आणि माप यांचा गोंधळ पाहिला. परंतु दोन्ही मापें खरीं, दोन्ही नकाशे बिनचूक, आणि तरीहि अपघात, असें घडूं शकतें काय ? घडलेलें आहे. जपानांतील टोकिओ डिस्नेलँड या क्रीडाउद्यानांत अंधारांतून वेगानें धांवणाऱ्या गाड्यांचा ‘स्पेस माउंटन’ नांवाचा खेळ होता. ५ डिसेंबर २००३ रोजीं एक गाडी स्थानकाशीं येत असतां तिचा आंस मोडला व ती रुळावरून घसरली. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. चौकशींत असें आढळलें कीं, १९९५ सालीं या गाड्यांच्या बेअरिंगांचीं मापें इंचांतून मिलिमीटरांत बदललीं होतीं, आणि त्यानुसार आंसाचा व्यास ४४.१४ मिलिमीटरांवरून ४५ करण्यांत आला होता. जुना नकाशा मात्र तसाच राहिला होता. २००२ सालीं नवे आंस मागवितांना तोच वापरला गेला, आणि कारखान्यानें त्याबरहुकूम आंस करून दिले. ४५ साठीं असलेल्या बेअरिंगांत ४४.१४ चा आंस बसला, जेथें ०.२ मिलिमीटर मोकळीक असावयाची, तेथें ती १ मिलिमीटरहून अधिक झाली. गाडी धांवूं लागली कीं आंस हादरे, आणि असा हादरत हादरत तो वर्षभराच्या सुमारास मोडला.

या प्रकरणांत कोणाचा गुणाकार चुकला नाहीं, कोणी निष्काळजीपणानें लोखंड कापलें नाहीं. कारागिरानें नकाशाप्रमाणें काम केलें हा काय त्याचा अपराध म्हणावयाचा ? एका वस्तूचें मूळ माप बदललें आणि जुना कागद नव्याच्या शेजारीं राहिला, एवढ्यावरून हें झालें. फरक ०.८६ मिलिमीटरांचा. शाळेंतील पट्टीवर तो डोळ्यांना दिसूनहि न दिसल्यासारखा वाटेल. जीं मापें एकमेकांपासून फार दूर असतात त्यांच्यापासून भय थोडें, कारण वस्तु बसतच नाहीं. जीं अगदीं जवळ असतात तींच फसवितात. आठ मिलिमीटरचा बोल्ट आणि अडीच सुती बोल्ट यांच्या व्यासांत ०.०६ मिलिमीटरांचाच फरक आहे, परंतु पहिल्याचे आटे १.२५ मिलिमीटर अंतरानें आणि दुसऱ्याचे सामान्यतः १.४१ अंतरानें असतात. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे फिरतो, मग अडतो. आणि घाईनें पाना लावून जोर केला कीं आटे जातात. सायकल दुरुस्त करणाऱ्या कोणत्याहि कारागिराला विचारा.

आतां घरांतील एका वस्तूकडे वळूं. थर्मामीटरवर ९८.६ ही खूण आपल्या आयाबहिणींना जपाच्या मण्यासारखी ओळखीची आहे. हा आंकडा कोणीं फॅरनहाइट अंशांत मोजून काढलेला नाहीं. लाइपझिग येथील वुंडरलिख या वैद्यानें हजारों माणसांच्या काखेंतील उष्णतामान घेऊन १८६८ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि निरोगी माणसाचें मध्यम उष्णतामान म्हणून ३७ अंश सेल्सिअस हा आंकडा सर्वत्र रूढ झाला. ३७ हा पूर्णांक आहे. थोडें इकडे, थोडें तिकडे, हें त्याच्या पोटांतच आहे. त्याचें फॅरनहाइटमध्यें रूपांतर होतांच ९८.६ झाले, दशांश चिकटला, आणि एक ढोबळ आंकडा एकाएकीं काटेकोर दिसूं लागला. १९९२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत निरोगी माणसांची सरासरी ९८.२ भरली. सकाळीं उष्णतामान कमी असतें, संध्याकाळीं वाढतें, माणसागणिक बदलतें. हें सर्व ३७ च्या पोटांत सुखानें मावत होतें, ९८.६ च्या पोटांत मावेना.

याच थर्मामीटरच्या खोक्यावर अचूकतेचा आंकडा असतो. समजा, अधिक-उणें ०.१ अंश सेल्सिअस. त्याचे फॅरनहाइट किती ? अंशांचें रूपांतर करतांना ३२ मिळवावयाचे हें पाठ असलेला मुलगा ३२.२ असें उत्तर देईल. म्हणजे १०० अंश ताप दाखविणाऱ्या यंत्रावर मूल ६८ वरहि असूं शकतें आणि १३२ वरहि ! खरें उत्तर ०.१८, म्हणजे सुमारें ०.२. येथें फरकाचें रूपांतर करावयाचें आहे, उष्णतामानाचें नव्हे. हीच चूक यंत्राकडून रूपांतर करवून छापलेल्या माहितीपत्रकांतहि आढळते. मुलाला निदान समजावून सांगतां येतें.

एककावांचून फिरणाऱ्या आंकड्याचें फळ काय होतें याचें सर्वांत मोठें उदाहरण कॅनडांत घडलें. तो देश मेट्रिक पद्धतीकडे वळत असतांना, २३ जुलै १९८३ रोजीं, एअर कॅनडाचें बोइंग ७६७ विमान माँट्रिऑलहून ओटावामार्गें एडमंटनला निघालें. इंधनमापक यंत्र बिघडलेलें असल्यामुळें टाक्यांतील इंधन काठीनें मोजलें. तें ७,६८२ लिटर भरलें. प्रवासाला २२,३०० किलो पाहिजे होतें. लिटरांचे किलो करण्यासाठीं सुमारें ०.८ नें गुणावयाचें. परंतु हातीं आलेला गुणक होता १.७७, आणि तो लिटरांचे पौंड करणारा. त्यानें गुणून १३,५९७ आले, ते किलो समजण्यांत आले, बाकीच्या ८,७०३ साठीं ४,९१७ लिटर भरले, आणि विमान उडालें. वास्तविक २०,००० लिटरांहून अधिक भरावयास पाहिजे होते. वाटेंत दोन्ही इंजिनें बंद पडलीं. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन यांस इंजिनावांचून उडणाऱ्या ग्लायडरचा सराव होता, म्हणून गिम्ली येथील वापरांतून गेलेल्या धांवपट्टीवर त्यांनीं विमान उतरविलें व सर्व ६९ माणसें वांचलीं. १.७७ च्या शेजारीं ‘पौंड, दर लिटरास’ एवढे शब्द ठळक असते आणि कोणी ते वाचले असते, तर हा पराक्रम करण्याची वेळच आली नसती. गुणाकार येथेंहि बरोबरच होता.

यावर कोणी म्हणेल, इंच आणि फूट कायमचे हद्दपार करावे, म्हणजे वादच मिटला. कायद्यानें तें कधींच झालेलें आहे. १९५६ सालीं वजनमापांचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजनें हळूहळू प्रचारांत आलीं, आणि २००९ च्या कायद्यानें तर जाहिरातींत व भावपत्रकांतहि प्रमाणित मापावांचून दुसरें माप सांगण्यास मनाई आहे. तरी सुतार सुतांतच बोलतो. आम्हांस त्याचा राग येत नाहीं. अर्धा, पाव, अर्धपाव असें निम्म्या-निम्म्यानें उतरत जाणें हाताला आणि डोळ्याला सोपें पडतें, आणि दोन कारागीर एकाच भाषेंत बोलत असले तर त्यांचें काम बिनबोभाट होतें. घोटाळा होतो तो भाषा बदलण्याच्या उंबरठ्यावर. आणि नुसतें मेट्रिक माप छापल्यानें गिऱ्हाइकाचा संशय फिटतोच असेंहि नाहीं. ४३ इंची म्हणून ओळखला जाणारा दूरदर्शनसंच खोक्यावर १०८ सेंटिमीटर म्हणून विकला जातो. ४३ ला २.५४ नें गुणलें तर १०९.२ येतात. गिऱ्हाईक म्हणतें, एक सेंटिमीटर कोणी खाल्ला ? कोणीहि नाहीं. १०८ हें पडद्याच्या कर्णाचें मोजलेलें माप. तो कर्ण साडेबेचाळीस इंचांचा आहे, आणि ४३ हें त्या जातीचें नांव आहे. म्हणजे येथें शंका घ्यावयाची ती इंचांच्या आंकड्याविषयीं, सेंटिमीटरांच्या नव्हे !

कारखानदारांकडे आमचें मागणें मोठें नाहीं. वस्तु ज्या मापानें घडविली तें माप प्रथम आणि ठळक छापावें. दुसऱ्या पद्धतींतील आंकडा देणें भागच असेल, तर त्यामागें ‘सुमारें’ हा शब्द घालावा. जी वस्तु दुसरींत घट्ट बसावयाची आहे, जसें आंस, बोल्ट, बेअरिंग, तिच्यावर एकच माप असावें. दुसरें देऊंच नये, मग गिऱ्हाइकाची कितीहि गैरसोय होवो. केवळ नांव असलेल्या मापाला नांवच म्हणावें. आणि मर्यादेचा आंकडा पूर्णांकांत आणावयाचा झाल्यास नेहमीं सुरक्षित बाजूस झुकावें: २५० किलोंचे ५५१.१६ पौंड होतात, तेथें ५५१ लिहावे, ५५२ नव्हेत, आणि ‘साडेपांचशेंच्या वर’ असें तर मुळींच नव्हे.

पालकांना घरबांधणीच्या वा दुरुस्तीच्या निमित्तानें हा विषय केव्हांना केव्हां भेटणारच. त्या वेळीं आंकडा ऐकतांच मान डोलवूं नये. हें माप आंतलें कीं बाहेरचें, मोजलेलें कीं बोलण्यांतलें, असें विचारावें. पाऊण इंची म्हणून मागितलेली प्लायवुडची फळी १८ मिलिमीटरचीहि मिळते आणि १९ चीहि. १८ साठीं पाडलेल्या खांचेंत १९ ची बसणार नाहीं, आणि ती जातां जाईना असें झालें म्हणजे रंधा मारणाऱ्याला बोल लावून उपयोग नाहीं.

विद्यार्थ्यांसाठीं एक उदाहरण देऊन ठेवतों; पुस्तकाच्या मागल्या पानावर याचें उत्तर नाहीं. लिफ्टमध्यें कोठें ‘६ माणसें, ४०८ किलो’ आणि कोठें ‘८ माणसें, ५४४ किलो’ अशी पाटी लावलेली असते. दरमाणशीं किती किलो धरले आहेत तें भागाकारानें काढावें. तो आंकडा मोठा विचित्र येईल. माणसांचें वजन अदमासानें धरावयाचें तर कोणीहि ६५ धरील किंवा ७० धरील. नंतर त्या आंकड्याचे पौंड करावे, एक पौंड म्हणजे ०.४५३६ किलो धरून, आणि पाटी प्रथम कोणत्या मापांत विचार करून लिहिली गेली असेल तें गणिताच्या तासाला सांगावें.